गच्चीवरच्या सळया

वडगाव रासाईच्या वाटेवर ऊस संपून घरं सुरू झाली की आधी दिसतात गच्च्यांवरच्या सळया. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर चार-सहा सळया दोन-तीन फूट उभ्या सोडलेल्या. कुणी त्यांवर प्लास्टिकची बाटली उपडी घातलेली असते, कुणी त्यांना कपडे वाळत घालायची तार बांधलेली असते. शिरूर तालुक्यातल्या या काठावर जे दिसतं, तेच भीमा ओलांडून दौंडात गेलात तरी दिसतं. पोरगं कमवायला लागलं, उसाचा हिशेब चांगला लागला, की वरचा मजला चढवायचा, हा घराघरानं स्वतःशी केलेला वायदा असतो. तो वायदा लोखंडाचा असतो आणि पावसात भिजत असतो.

माझ्या आत्याच्या घरावरही अशाच सळया आहेत. घर बांधून तेवीस वर्षं झाली. आतेभावाला आम्ही सगळे अण्णा म्हणतो. गेल्या उन्हाळ्यात त्यानं विचारलं, "धाकट्याचं लग्न करायचंय. वर दोन खोल्या चढवायच्या. खालचे कॉलम धरतील ना रे?" शेजारी उभ्या असलेल्या मिस्त्रीनं माझ्याआधीच उत्तर दिलं, "दादा, चार सूतचे सहा बार टाकलेत एकेका कॉलमला. हत्ती उभा करा वर."

मिस्त्री खोटं बोलत नव्हता. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे आजच्या मापात 12 मिलिमीटर, पाच सूत म्हणजे 16. बार खरोखर सहा होते, वर गच्चीत मोजता येत होते. पण खांबाची ताकद मोजायला आपण सगळे तिथंच चुकतो. जे मोजता येतं ते मोजतो, आणि खांब ज्या गोष्टींवर उभा असतो त्या बहुतेक गच्चीतून दिसत नाहीत.

आधी हिशेब करू. घर नऊ इंची भिंतींचं, खांब भिंतीत लपावेत म्हणून नऊ बाय बाराचे. म्हणजे 230 बाय 300 मिलिमीटर. भारतीय मानक IS 456 मध्ये सरळ भार पेलणाऱ्या खांबासाठी एक साधं सूत्र आहे. त्यात काँक्रीटचा वाटा वेगळा, लोखंडाचा वेगळा. 28 दिवसांनंतर दर चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन दाब सोसणारं, म्हणजे एम-20 काँक्रीट आणि 12 मिलिमीटरचे सहा बार घेतले, तर सुरक्षिततेचा भाग वजा जाऊन हा खांब साधारण 52 टन पेलतो. आता तेच सहा बार ठेवा, फक्त काँक्रीट निम्म्या ताकदीचं धरा. उत्तर येतं 34 टन. लोखंडात काही बदललं नाही, तरी 18 टन गेले. आणि हा झाला अगदी सरळ, मधोमध येणाऱ्या भाराचा हिशेब. खऱ्या घरात तुळई एका बाजूनं जास्त ओढते, वारा ढकलतो, खांब थोडा ओळंब्याबाहेर गेलेला असतो. तेव्हा खांबाला दाबाबरोबर वाकही सोसावा लागतो आणि आकडा आणखी खाली येतो. उंची जाडीच्या 12 पटींच्या पुढे गेली की मानक खांबाला सडपातळ मानतं. दहा फुटी मजल्यातला नऊ इंची खांब या सीमेवरच उभा असतो.

अण्णाच्या घरात मधल्या खांबावर बारा बाय बारा फुटांचा स्लॅब, त्याच्या भिंती, लाद्या, माणसं, सामान असं सगळं मिळून एका मजल्याचे 15 ते 17 टन येतात. खांब 52 टनांचा असो की 34 टनांचा, इतकं वजन तो तेवीस वर्षं आरामात पेलणार. "एवढी वर्षं उभं आहे, तडा नाही" हा गावातला सर्वांत पटणारा पुरावा यामुळेच कामाचा नाही. घर उभं आहे याचा अर्थ आजचं वजन झेपतं आहे. दुप्पट झेपेल का, हे त्यावरून कळत नाही.

आता खांबाच्या पोटात जाऊ. ज्वारीचा ढीग जमिनीवर ओता आणि त्यावर उभे राहा. पाय खाली जातील, दाणे बाजूला पळतील. तीच ज्वारी पोत्यात भरून तोंड शिवा. पोतं उभं राहील, त्यावर दुसरं पोतं राहील, वर माणूसही बसेल. दाण्यांची ताकद वाढलेली नसते, पोत्यानं त्यांना बाजूला पळू दिलेलं नसतं, इतकंच. वरून दाबलेली प्रत्येक वस्तू बाजूनं फुगू पाहते आणि खांबही त्याला अपवाद नाही. काँक्रीट दाबाखाली चिरडतं तेव्हा खरं तर ते बाजूनं फाटत असतं. म्हणून दमलेल्या खांबावरच्या चिरा उभ्या असतात.

पोत्याचं काम खांबात रिंगा करतात. पॅरिसचा माळी जोसेफ मोनिए यानं 1867 साली तारेची जाळी घालून सिमेंटच्या कुंड्या करण्याचं पेटंट घेतलं, तिथून लोहकाँक्रीटची गोष्ट सांगायची पद्धत आहे. खांबाच्या दृष्टीनं मात्र मला फ्रेंच अभियंता आर्मां कॉन्सिदेअर जास्त महत्त्वाचा वाटतो. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यानं काँक्रीटच्या खांबाला सळईचे वेढे घालून दाखवलं, की बाजूनं आवळलेलं काँक्रीट कितीतरी जास्त भार घेतं आणि फुटलं तरी एकदम ढासळत नाही. पुढं 1928 साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या प्रयोगांतून प्रमाण हाती आलं: बाजूनं जेवढा दाब द्याल, त्याच्या सुमारे चौपट ताकद वरच्या दिशेनं वाढते. बाजूनं एक दिला की वर चार मिळतात. बांधकामात इतका चांगला सौदा मला दुसरा माहीत नाही.

रिंगेचं दुसरं काम उभ्या बारांना धरून ठेवण्याचं. उसाचं एक कांडं जमिनीवर उभं धरून वरून दाबा, ते मोडणार नाही. पूर्ण ऊस तसाच दाबा, तो मध्ये वाकेल. बारीक, लांब वस्तू किती दाबाला वाकते याचं गणित लेओनहार्ड ऑयलर यानं अठराव्या शतकातच मांडलं होतं. त्याचा गाभा असा, की आधार नसलेली लांबी दुप्पट झाली तर अशी वस्तू एक चतुर्थांश दाबालाच वाकते. दोन रिंगांमधला बार म्हणजे तेवढ्या लांबीचा ऊस. म्हणूनच मानक सांगतं, की रिंगांतलं अंतर खांबाच्या लहान बाजूपेक्षा जास्त नको, बारच्या जाडीच्या 16 पटींपेक्षा जास्त नको आणि 300 मिलिमीटरपेक्षा जास्त नको; तिन्हींत जे कमी ते धरायचं. चार सूतच्या बारला हे अंतर साडेसात इंच येतं. भूकंपाचा विचार करणारं IS 13920 याहून कडक आहे. त्यानुसार खांबाच्या दोन्ही टोकांना, तुळईजवळ, रिंगा 100 मिलिमीटरच्या आत हव्यात आणि रिंगेची टोकं 135 अंशांत वळवून खांबाच्या पोटात खुपसलेली हवीत. काटकोनात वळवलेलं टोक बाहेरचं काँक्रीट सुटलं की उघडतं आणि रिंग बांगडीसारखी मोकळी होते. 2016 च्या सुधारणेनंतर याच मानकात खांबाची बाजू 300 मिलिमीटरपेक्षा कमी नको असं आहे. भिंतीत लपणारा नऊ इंची खांब तिथंच बाद होतो. खोलीच्या कोपऱ्यात तीन इंच खांब पुढं आलेला दिसतो म्हणून लोक नाराज होतात. मी त्यांना सांगतो, दिसू द्या.

दाट रिंगांना खर्च किती? दहा फुटी खांबाला साडेसात इंचांवर 16 रिंगा बसतात. सगळ्या खांबभर चार इंचांवर घातल्या तर 30. आठ मिलिमीटरच्या एका रिंगेचं वजन पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका खांबामागे फरक सव्वापाच किलोचा. बारा खांबांच्या घराला 63 किलो लोखंड. मांडवाच्या एका दिवसाच्या भाड्यात हे भागतं. तरीही काटकसर सुरू झाली की पहिली कात्री रिंगांना लागते, कारण बार मोजायला घरमालक येतो आणि रिंगा मोजायला कुणी येत नाही.

स्लॅबच्या दिवशी घरी नारळ फुटतो. भाऊबंद जमतात, मिक्सर आणि लिफ्ट लागते, जेवणावळ होते. कॉलम भरायच्या दिवशी दोन बिगारी, एक मिस्त्री आणि संध्याकाळची घाई असते. मला हे नेहमी उलटं वाटतं. स्लॅबला तडा गेला तर एक खोली गळते, खांब गेला तर घरच जातं.

त्या संध्याकाळी काय होतं ते जवळून पाहा. काँक्रीट ओतायची पेटी दहा फूट उंच, तोंड नऊ बाय बारा. त्यात रिंगांचा सांगाडा, मधे जागा वीतभर. माल सुका असेल तर तो अडकतो, म्हणून मिस्त्री सांगतो, "पाणी सोड थोडं." इथं खांबाचं नशीब ठरतं. सिमेंटला पकडण्यासाठी जेवढं पाणी लागतं, त्याहून जास्त पाणी पुढं उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर काँक्रीटची ताकद ठरते, हे डफ एब्रम्स या अमेरिकन संशोधकानं 1918 साली दाखवलं. साध्या हवामानातल्या लोहकाँक्रीटलाही मानक 0.55 ची मर्यादा घालतं. 50 किलोच्या गोणीला 27-28 लिटर, आणि त्यातच ओल्या वाळूतलं पाणी आलं. एक जादा बादली ओतली की एम-20 चं काँक्रीट कागदावर राहतं. मग ते पातळ केलेलं काँक्रीट दहा फुटांवरून पेटीत सोडलं जातं. खडी खाली आपटते, सिमेंटचं दूध वर राहतं. दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून माल टाकू नये असा नियम आहे. पेटीच्या एका बाजूला मध्ये खिडकी ठेवली, तर तो पाळता येतो. पेटी उघडल्यावर खांबाच्या पायथ्याशी उघडी खडी दिसते, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली असते. त्यावर लगेच सिमेंटचा गिलावा फासला जातो. पोळं आत तसंच राहतं, आणि तेही अशा जागी, जिथं खांबावर सर्वांत जास्त भार आणि वाक येतो.

या पट्ट्यात आणखी एक धोका आहे, तो दुसरीकडे क्वचितच असेल. दौंड-शिरूर म्हणजे गुऱ्हाळांचा आणि साखर कारखान्यांचा मुलूख. बांधकामावर पाणी भरायला जुना पिंप हवा असतो आणि गुऱ्हाळावरून काकवीचा रिकामा पिंप सहज मिळतो. साखर ही सिमेंटची मोठी वैरी आहे. सिमेंटच्या वजनाच्या 0.05 टक्के, म्हणजे एका गोणीमागे 25 ग्रॅम साखर, पाण्यात गेली तर काँक्रीट घट्ट व्हायला काही तास उशीर होतो. शंभर ग्रॅमच्या पुढे गेली तर ते जवळजवळ घट्ट होतच नाही. शंभर ग्रॅम म्हणजे पिंपाच्या बुडाशी चिकटलेली काकवी. दुसऱ्या दिवशी पेटी काढली आणि काँक्रीटमध्ये नख रुतलं तर पिंप आठवावा. अशा कामात सिमेंटचा काही दोष नसतो.

पाणी मारण्याचंही तसंच. स्लॅबवर आळी करून पाणी तुंबवतात, ते पंधरा दिवस दिसतं. खांब उभा, त्यावर पाइपनं मारलेलं पाणी दोन मिनिटांत खाली. हल्ली राखमिश्रित सिमेंट सर्रास वापरलं जातं, त्याला कमीत कमी दहा दिवस ओल लागते, चौदा दिवस मिळाली तर उत्तम. खांबाला बारदान गुंडाळून ते ओलं ठेवणं हा एकच सोपा उपाय आहे. मे महिन्यात भीमेकाठच्या वाऱ्यात उघडा खांब तासाभरात कोरडा ठणठणीत होतो. ज्याचं पाणी पहिल्या आठवड्यातच उडालं, त्याचं बाहेरचं कवच कायमचं भुसभुशीत राहतं.

हे कवच म्हणजे टिकाऊपणाचा सगळा विषय. ताज्या काँक्रीटमध्ये चुन्याचा अंश भरपूर, त्यामुळं ते अत्यंत अल्कधर्मी असतं. अशा वातावरणात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर धरतो आणि ती गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड पोकळ्यांमधून हळूहळू आत शिरतो, चुन्याशी संयोग पावतो आणि अल्कधर्म मारत जातो. अल्कधर्म जिथवर मेला ती रेघ सळईपर्यंत पोचली आणि सोबत ओल मिळाली, की गंज सुरू. गंजाला मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा लागते. ती जागा तो काँक्रीट फोडून मिळवतो. आधी बारच्या रेषेत उभी चीर, मग पोपडा, मग उघडी तांबडी सळई.

हा प्रवास वेळेच्या वर्गमुळाच्या हिशेबानं होतो. 20 मिलिमीटर आत यायला बारा वर्षं लागली, तर 40 मिलिमीटरला चोवीस नव्हे, अठ्ठेचाळीस वर्षं लागतात. सळईवरचं काँक्रीट, म्हणजे कव्हर, निम्मं केलं की आयुष्य पावपट. म्हणून खांबाला 40 मिलिमीटर कव्हर सांगितलेलं आहे. नऊ बाय बाराच्या खांबाला सहा बाय नऊची रिंग केली तर चारी बाजूंनी दीड इंच राहतो. घाईत रिंग सात बाय दहाची झाली आणि कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा लावला, की सांगाडा एका बाजूला सरकतो. एकीकडे दोन इंच, दुसरीकडे पेटीला चिकटलेला. त्या दुसऱ्या बाजूला गिलाव्याशिवाय काहीच संरक्षण नसतं. बोअरचं मचूळ पाणी वापरलं असेल तर कार्बन डायऑक्साइडची वाटही पाहावी लागत नाही, पाण्यातले क्लोराइड सळईवरचा थर आतूनच तोडतात.

आणि गच्चीवरच्या सळया? त्या तर उघड्याच. पावसाचं पाणी सळईच्या अंगावरून ओघळत खांबाच्या डोक्यात उतरतं. तुळई आणि खांब जिथं मिळतात ती जागा घराचा सांधा, आणि गंज नेमका तिथून सुरू होतो. दहा-पंधरा वर्षांनी त्याच सळयांना नवा बार बांधून मजला चढवतात, तेव्हा चार सूतचा बार बुडाशी अडीच-तीन सूतचा उरलेला असतो.

कमजोर खांबांचं काय होतं हे महाराष्ट्रानं फार जवळून पाहिलं आहे. 25 जुलै 2017 ला घाटकोपरची साईदर्शन ही चार मजली इमारत सकाळी कोसळली आणि 17 जण गेले. तळमजल्यावर बदलांचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना हात लागल्याचं चौकशीत पुढं आलं. 24 ऑगस्ट 2020 ला महाडमध्ये तारिक गार्डन पडली, 16 जण गेले. त्या इमारतीला दहा वर्षंही झाली नव्हती. मुंबईत 30 वर्षांवरच्या इमारतीची तपासणी कायद्यानं सक्तीची आहे, ते योग्यच आहे, पण महाडच्या उदाहरणावरून कळतं की वयाचा आकडा एकटा पुरत नाही. 26 जानेवारी 2001 ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. त्यांतल्या अनेकींच्या तळाशी मोकळी पार्किंग होती, वर विटांच्या भिंती. वरचा भाग एकसंध डबा, खाली नुसते पाय. आता रस्त्याकडेच्या कुठल्याही गावात पाहा: खाली शटरचे गाळे, वर राहायला. 1993 साली किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंतींनी माणसं मारली, म्हणून आपण काँक्रीटकडे वळलो. पण काँक्रीटचा खांब रिंगांशिवाय उभा केला तर त्या वळण्याचा उपयोग काय?

अण्णाच्या घरी खांब तपासताना आम्ही आधी नुसतं ऐकलं. हातोडीनं खांबाला हलकं ठोकत वरून खाली आलं की चांगलं काँक्रीट खणखणतं आणि सुटलेलं बद्द वाजतं. मग श्मिट हातोडा लावला. त्यातली स्प्रिंग काँक्रीटवर आपटून किती मागे येते त्यावरून कठीणपणा समजतो. पण कार्बन डायऑक्साइड शिरलेला पृष्ठभाग वरून उलट कडक होतो, त्यामुळं जुन्या घरात हा हातोडा जास्त आकडा दाखवतो. त्याच्यावर एकट्यावर विसंबू नये. ध्वनितरंग पार जायला किती वेळ घेतात तेही मोजलं. शेवटी तीन खांबांवर टिचभर जागा रिंगेपर्यंत फोडली आणि ताज्या फोडीवर फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारला. शाळेच्या प्रयोगशाळेतलं तेच द्रावण. अल्कधर्मी काँक्रीट त्यानं गर्द गुलाबी होतं, मेलेलं काँक्रीट राखाडीच राहतं.

देवघराजवळचा खांब गिलाव्यामागं बोटभर आतच गुलाबी झाला. आत्या बघत राहिली. न्हाणीघराला लागून असलेल्या खांबाला सळईच्या मागेपर्यंत रंग आला नाही. तिथं कव्हर जेमतेम पाऊण इंच, रिंगा दहा-अकरा इंचांवर, टोकं काटकोनात, आणि एक रिंग गंजून बोटानं तुटली.

अशा खांबाला आधार द्यायचा तर रीत ठरलेली आहे, आणि तिच्यातला क्रम मोडला की पैसे वाया जातात. पहिलं काम टेकू. खांबाच्या दोन्ही बाजूंना तुळईखाली लोखंडी प्रॉप लावून, जॅकनं ते घट्ट करून, खांबावरचं ओझं शक्य तितकं उतरवायचं. हे का, ते समजून घेतलं पाहिजे. ओझं असलेल्या खांबाभोवती नवं काँक्रीट घातलं, तर जुनं ओझं जुन्याच खांबावर राहतं. नवं जॅकेट पुढं येणाऱ्या वजनापुरतंच कामाला लागतं. ओझं आधी उतरवलं आणि काम पक्कं झाल्यावर प्रॉप सोडले, तरच दोघं मिळून उचलतात.

मग सुटलेलं सगळं काँक्रीट गंजलेल्या सळईच्या मागेपर्यंत फोडायचं, लोखंड तारेच्या ब्रशनं चकचकीत होईतो घासायचं, गंजरोधक थर द्यायचा. जुना पृष्ठभाग टोचून खडबडीत करायचा, कारण गुळगुळीत अंगावर नवं काँक्रीट नुसतं चिकटून राहतं, भार घेत नाही. बाहेरून नवे उभे बार, त्यांभोवती दाट रिंगा, आणि चारी बाजूंनी निदान चार इंचांचं नवं काँक्रीट. जागा अरुंद, म्हणून बारीक खडीचं, आपोआप पसरणारं मायक्रोकाँक्रीट. नऊ बाय बाराचा खांब यानं 430 बाय 500 मिलिमीटरचा होतो, क्षेत्रफळ तिप्पट. नवे बार पायातल्या फुटिंगमध्ये रोवलेले हवेत आणि वरून मजला चढवायचा असेल तर स्लॅबला भोकं पाडून पुढं गेलेले हवेत. लादीवर सुरू होऊन तुळईच्या खाली तीन इंचांवर थांबलेली जॅकेटं मी पाहिली आहेत. ती खांबाला आवळतात, पण त्याच्या डोक्यावरचं वजन त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

जागा नसेल तर कोपऱ्यांना लोखंडी अँगल लावून आडव्या पट्ट्यांनी जोडतात. लोहार बैलगाडीच्या चाकावर तापवून लाल केलेली धाव चढवायचा आणि पाणी ओतायचा, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे लगेच कळेल. धाव थंड होताना आक्रसते आणि लाकूड आवळते. पट्ट्याही कधी तापवून जोडतात, त्याचं कारण हेच. तिसरा मार्ग कार्बन तंतूंचं कापड राळेनं गुंडाळण्याचा. पातळ आणि जबरदस्त. पण गोल खांबाला ते सगळीकडून सारखं आवळतं, चौकोनी खांबाला मुख्यतः कोपऱ्यांवर. म्हणून कोपरे आधी घासून गोल करावे लागतात, नाहीतर कापड तिथंच फाटतं. आणि आगीत राळ टिकत नाही. एकच खांब जाड करून बाकीचे तसेच ठेवणं हाही धोकाच, कारण भूकंपात ताठ खांब जास्त ओढ स्वतःकडे घेतो.

अण्णाला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग करू की सगळ्यांना जॅकेट." म्हणून आम्ही एका खांबाशेजारी खड्डा घेतला. फुटिंग लागलं चार फुटांवर, चार बाय चार फुटांचं. खाली काळी माती. मुरूम आणखी दोन फूट खोल. बांधणाऱ्यानं मुरुमापर्यंत जायचा कंटाळा केला होता. चार बाय चार म्हणजे दीड चौरस मीटर. 15 टनांचा मजला म्हणजे मातीवर दर चौरस मीटरला 10 टन. दुसरा मजला चढवला की 20. मुरूम ते हसत घेतो. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती नाही घेत. जॅकेट खांबाला बळ देतं, त्याच्या पायाखालच्या जमिनीला नाही.

अण्णा खड्ड्याच्या काठावर बराच वेळ उकिडवा बसून राहिला. मग उठून पँट झटकली आणि घराच्या मागचं रान पावलांनी मोजायला लागला. दोन खोल्या तिथं, जमिनीवर झाल्या. पाया मुरुमात, खांब बारा बाय बाराचे, कोपऱ्यात पुढं आलेले. रिंगा अण्णानं स्वतः मोजल्या.

जुन्या घरात न्हाणीघराच्या खांबाला जॅकेट केलं, न्हाणीची गळकी मोरी बदलली आणि बाकीच्या खांबांवरचे पोपडे दुरुस्त केले. गच्चीवरच्या सळया ग्राइंडरनं कापल्या. दोन तेवढ्या आत्यानं ठेवायला सांगितल्या, तिची कपड्यांची तार त्यांना होती. त्या घासून जस्ताचा रंग दिला आणि पाणी खांबात उतरू नये म्हणून बुडाशी सिमेंटचा वीतभर उंचवटा करून त्याला चारी बाजूंनी उतार दिला.